चंद्रीची निर्दोष मुक्तता

थोरल्या भावाच्या कोंबडीवर मी चार वर्षं जळत होतो.

दादाचं घर आमच्या शेजारीच, टोकावड्याजवळ. मध्ये फक्त काट्यांचं कुंपण. शहापूरच्या बाजारातून आणलेली त्याची चंद्री पिल्लं अशी वाढवायची, की घारीची सावली पडताच तिनं एक आवाज द्यावा आणि बाराच्या बारा पिल्लं कुंपणात गडप! आमची भुरी मात्र घार दिसली की मान वर करून बघत राहायची. पिल्लंही ओळीनं वर बघायची. (घारीला आणखी काय हवं?)

"वहिनींची बारा जगली. आपली दोन," आमची मंडळी रोज ऐकवायची. "त्यांच्याकडे सगळंच जगतं!"

हा 'सगळंच' मला फार लागला.

एका उन्हाळ्यात दोन्ही कोंबड्या एकाच आठवड्यात खुडूक होऊन उबवणीला आल्या. वहिनीनं अंड्यांवर कोळशानं खुणेची रेघ मारली, टोपलीत भाताचा तूस घातला, चंद्रीला बसवली आणि दादा-वहिनी मुरबाडला लग्नाला गेली. मी विचार केला, गुण रक्तात असतो. चंद्रीची अंडी भुरीखाली आणि भुरीची चंद्रीखाली! थुंकी लावून रेघा पुसल्या, आमच्या अंड्यांवर नव्या मारल्या. चंद्रीनं हातावर सात ठिकाणी चोच मारली.

"हाताला काय झालं वो?" मंडळीनं विचारलं.

"करवंदीचे काटे!"

एकवीस दिवसांनी वहिनी ओरडत आली. "भावजी, आमची पिल्लं बघा! मानेवर पीसच नाय!"

उघड्या मानेची जात अख्ख्या गावात आमच्याकडेच!

"आमचा कोंबडा आला आसल कुंपणातून," मी म्हणालो.

"आमचा कोंबडा तुमच्याला पाय तरी ठेवू देतो का?"

"मग... चंद्रीनं ऊब दिली नसल नीट," मी बोलून गेलो. "मानेपर्यंत पोचली नाय!"

एका प्रामाणिक आईवर मी असा आळ घेतला.

पुढचं तर त्याहून वाईट. आमची उघड्या मानेची पिल्लं चंद्रीच्या हाताखाली इतकी तयार झाली, की घार बिचारी उपाशी परत जाऊ लागली! आणि चंद्रीची खानदानी पिल्लं? भुरीशेजारी ओळीत उभी राहून आकाश बघायची. तीन उरली. रक्त चंद्रीचं, अक्कल भुरीची!

एके दिवशी दादा म्हणाला, "बारक्या, रविवारी जेवायला ये. चंद्रीचा रस्सा करतो. खोट असलेली कोंबडी ठेवून काय करायची?"

"नको!" मी असा किंचाळलो की भुरीसुद्धा खाली बघू लागली. "मला दे. मी सांभाळतो."

"खोट आसली तरी?"

"आसू दे रे!"

दादानं चंद्री माझ्या हातात दिली. चार वर्षं हवी होती ती कोंबडी शेवटी माझ्या अंगणात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुंपणातून परत आपल्या पिल्लांकडे गेली. आमची उरलेली तीनही तिच्या मागोमाग गेली! माझ्या अंगणात राहिली एकटी भुरी, आकाश बघत.

परवा हे सगळं लिहून आधी दादाला वाचून दाखवलं. चष्मा पुसत तो म्हणाला, "मला तवाच कळलेलं. तुझी वहिनी एक रेघ मारते. तू घाबरून दोन-दोन मारलेल्या."

"मग रश्शाचं?"

"कोण कापतोय चंद्रीला! म्हटलं, आता तरी खरं बोलशील."

"तोंडावर का नाय बोललास?"

"आई सांगायची ना, धाकट्याला खाली बघायला लावू नको."

आम्ही दोघं एकाच आईच्या पंखाखाली वाढलो. ती हे सांगत होती तेव्हा मीही तिथंच बसलेलो असणार. पण मी बहुतेक दादाच्या ताटात किती वाढलंय ते बघत होतो!