बरोबरीत सुटलेला सामना

ठमके सरांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या वर्गाच्या दारात. दिग्रसच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. फळ्यावर मागणीचा नियम लिहीत असताना ट्रॅकसूट घातलेले एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता मुलांच्या उंच्या न्याहाळू लागले. काय हवंय, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"मॅडम, मले एक उंच पोरगं द्या. बाकीचे तुम्ही ठेवा."

हेच आपले शारीरिक शिक्षण संचालक, प्रा. मनोहर ठमके. शेवटच्या बाकावर नाहीतरी झोपलेला एक मुलगा मी त्यांना देऊन टाकला. पुढे मलाच फुटबॉल संघाची व्यवस्थापक करून सरांनी त्या तोऱ्याचं पुरेपूर उट्टं काढलं.

सरांच्या साठीनिमित्त त्यांच्या यशाबद्दल लिहा, असं गौरवग्रंथाच्या संपादकांनी सांगितलं आहे. त्यांनी मला माफ करावं. मी यंदाच्या हंगामाबद्दल लिहिणार आहे आणि त्यात यश नाही.

त्याआधी सरांची एक रीत सांगते. सामना झाला की संघाचे सगळे शर्ट ते स्वतःच्या घरी नेत आणि एकाच टोपात भिजवत. कुठला शर्ट कुणाचा, हे ठरलेलं नसे. तांड्यावरचा असो, बौद्धवाड्यातला असो की पाटलाचा, हाताला येईल तो शर्ट घालायचा. एकदा एका मुलाच्या वडिलांनी घरून वेगळा शर्ट पाठवला. सरांनी तो कौतुकाने हातात घेतला आणि सगळ्यांदेखत टोपात टाकला. त्यावर त्यांनी कधी भाषण दिल्याचं मला आठवत नाही.

यंदा हंगाम सुरू होण्याआधीच प्राचार्यांनी सुनावलं होतं, की एक तरी सामना जिंका, नाहीतर पुढच्या वर्षीपासून फुटबॉलचा संघ बंद. सर निवृत्त होणार, त्यांची जागा भरली जाणार नाही, मग हरणारा संघ ठेवायचा कशाला? सरांनी मान डोलावली. पण मुलं होती कुठे? सोयाबीनची सोंगणी झाली की कापसाची वेचणी, ती झाली की पोलीस भरतीचा सराव. सरावाला कधी अर्धा संघ यायचा, कधी तेवढाही नाही. एकामागून एक सामने आम्ही हरलो. मधेच गोलकीपर पुण्याच्या कंपनीत गेला आणि त्याच्या जागी महागावकडचा आकाश राठोड आला.

शेवटचा सामना यवतमाळला होता. त्या दिवशी कसं कोण जाणे, आमच्या मुलांनी एक गोल केला आणि ती आघाडी टिकवून धरली होती. सामना संपत आला होता. मी पर्स घट्ट धरून उभी होते.

इथे एक सांगायला हवं. सरांच्या संघात 'सोड' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. चेंडू घोळवत बसू नको, लगेच लांब मार, म्हणजे सोड. जुन्या मुलांच्या ते अंगवळणी पडलेलं. आकाशला मात्र हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या बचावपटूने चेंडू हळूच मागे आकाशकडे ढकलला. समोरचा खेळाडू धावत येताना बघून सर जिवाच्या आकांताने ओरडले, "सोड! सोड!" आकाशने आज्ञाधारकपणे पाय बाजूला घेतला. चेंडू त्याच्या शेजारून निवांत गोलात गेला. सामना बरोबरीत सुटला आणि आमचा संघ संपला.

बसस्टँडवर आकाश हुंदके देत होता. कुणी त्याच्याजवळ जाईना. सर जाऊन शेजारी बसले.

"काहून रडून राह्यला बे? म्या सोड म्हनलं, तू सोडलं. तुले सांगाले पाह्यजे होतं, ते माहं राह्यलं. चाल, चहा पेऊ."

प्राचार्यांनाही त्यांनी हेच सांगितलं, की चूक मुलाची नाही, माझी आहे. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "सर, पण जिंकलो तर नाही ना." मी तिथेच होते. मी भांडले, आवाज चढवला, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

सर या महिनाअखेर निवृत्त होताहेत. गोलचे खांब काढले आहेत, तिथे दुचाक्यांसाठी शेड होणार आहे. तरी सर रोज संध्याकाळी गळ्यात शिट्टी घालून मैदानावर येतात. मुलं येत नाहीत. परवा मला राहवलं नाही. "सर, कशाला येता?" मी विचारलं.

"घरी बसून काय करू, मॅडम? मले दुसरं येतच नाही काही."

सत्काराच्या दिवशी आपण सारे त्यांना हार घालू, टाळ्या वाजवू आणि आपापल्या घरी जाऊ. सरांचे गुडघे शाबूत राहोत, दुखणं त्यांच्या वाटेला न जावो आणि त्यांना उदंड आयुष्य मिळो, हे मी अगदी मनापासून मागते. आणि मागताना भीती वाटते, की इतक्या सगळ्या संध्याकाळी ते कुठे घालवतील.