माकडशिंगीचं प्रदर्शन

चहाचा कप आधी खाली ठेवा बघू. ऐकताना सांडला, तर डागाची जबाबदारी माझी नाही!

आमची कोथरूडची सोसायटी. गच्चीवर माझ्या कुंड्या. "छत गळतं, कुंड्या हलवा," म्हणत सेक्रेटरी साठे हात धुऊन मागे लागलेले. रविवारच्या मीटिंगमध्ये निकाल लागणार होता. पण दुसऱ्या मजल्यावरच्या लीलाकाकूंच्या ब्रह्मकमळाला मात्र कोणी बोट लावणार नाही! का? तर ते फुललं की काकू सगळ्या बिल्डिंगला बोलावतात, मसाला दूध देतात, लोक फुलाला हळद-कुंकू वाहतात. मग कोणाची बिशाद आहे?

म्हटलं, आपणही फूल दाखवू!

माझ्याकडे माकडशिंगी होती. टेकडीवर कातळाच्या भेगेत उगवते ना, ती. पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या बोटाएवढ्या चौकोनी, मांसल, हिरव्या कांड्या. शेळ्यांनी तुडवलेला एक तुकडा उचलून आणला आणि तीन वर्षं सांभाळला. आणि नेमक्या त्या शनिवारी सकाळी कळ्या उमलल्या. काळ्या-जांभळ्या मखमली चांदण्यांचा गेंदच! माझे डोळे भरून आले. तसे ते सर्दीनेही भरलेलेच होते. नाक असं चोंदलं होतं, की फोडणी करपली तरी धूर दिसल्यावरच कळायचं.

बायको बहिणीकडे नाशिकला. म्हणजे अडवणारं कोणी नाही! मी ग्रुपवर टाकलं, 'आज पाच वाजता आमच्याकडे यावे. एक खास गोष्ट दाखवायची आहे. मसाला दूध.' वाऱ्याने फूल विस्कटायला नको म्हणून कुंडी हॉलमध्ये आणली, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. आणि अनावरण करायचं, म्हणून कुंडीवर हिची एक साडी टाकली.

पाचला साठे, लीलाकाकू आणि तळमजल्यावरचे शेखसाहेब आले. साठे उंबऱ्यातच थबकले.

"दातार, वहिनी दिसत नाहीत?"

"नाशिकला गेलीय."

"कधी?"

"मंगळवारी."

"फोन येतो त्यांचा?"

"छे हो! ती कुठली फोन करतेय आता!"

काकूंनी पदर नाकाला लावला. मला वाटलं, गहिवरल्या.

शेखसाहेब अत्यंत अदबीचा माणूस. हळूच म्हणाले, "दातारसाहेब, खिडकी उघडू का जरा?"

"नको, नको! आधी तुम्ही बघा. तीन वर्षं वाट पाहिली मी या दिवसाची. तिथे, साडीखाली आहे."

"ही... वहिनींचीच साडी ना?" काकूंचा आवाज चिरकला.

"हो. म्हटलं, तिचीच घालू वरून."

साठ्यांनी खिशातून फोन काढला आणि थेट हिलाच लावला. स्पीकरवर!

"वहिनी? तुम्हीच बोलताय ना?"

"मग दुसरं कोण बोलणार? काय झालं भावजी?"

"काही नाही. आवाज ऐकला, बरं वाटलं."

तिघांनी एकदम सुस्कारा सोडला, आणि पुढचा श्वास घेऊन पस्तावले. मला काही कळेना. मी ऐटीत साडी ओढली. भुर्रकन माश्या उठल्या! काकू धीर करून वाकल्या आणि तीन पावलं मागे आल्या.

"अगं बाई! मेलेलं नाही हो काही, हे फुललंय!"

मग शेखसाहेबांनी मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. या फुलाला सडक्या मांसासारखा वास येतो. माश्यांना बोलवायला. मी माणसं बोलावली होती! दुधाच्या पेल्याला कोणी शिवलं नाही.

साठे जिन्यात उभे राहून रुमालाआडून म्हणाले, "मीटिंगची गरज नाही. तुमच्या कुंड्या गच्चीवरच राहतील. खाली एकही आणायची नाही. कधीही!"

जिंकलो की! फोन अजून चालूच होता. मी ओरडलो, "ऐकलंस का? परवानगी मिळाली!"

"ऐकलं सगळं," ती म्हणाली. "मी उद्या सकाळी येतेय. पडद्यांचा वास गेला नसेल, तर भावजींना आत्ताच विचारून ठेवा, गच्चीवर नवरा ठेवलेला चालतो का."

मी साठ्यांकडे पाहिलं. साठ्यांनी खरोखरच विचार केला हो!

"झाडांचं मी बघून घेईन," ते म्हणाले. "तुमच्यासाठी मात्र मीटिंग घ्यावी लागेल."