टाकेवाल्या मावशीची सहल

दवाखान्याच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांना लागून एक अंधारी खोली होती. तिथे बसून ती तरुणपणापासून फाटक्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे झगे शिवत आली होती. सगळे तिला टाकेवाली मावशी म्हणत. "वरच्या डॉक्टरांपेक्षा मावशीचे टाके बरे, निदान पिकत तरी नाहीत," असं यंत्रावरची तिची मैत्रीण म्हणायची. त्या मैत्रिणीचा आवाज यंत्रांच्या वर जायचा, म्हणून तिचं नाव भोंगा. मावशी हसायची, पण तोंडावर हात ठेवून. ती सवय घरची.

घरी नवरा होता. गोदामावरचा मुकादम म्हणून तो निवृत्त झाला, पण मुकादमी सुटली नाही. पूर्वी हाताखाली हमालांची फौज होती, आता एकटी बायको. हात उगारणं त्याने सोडलं होतं, ते गुडघे गेले म्हणून. जीभ मात्र धडधाकट होती. चहा गार का, दार उघडायला उशीर का, जिन्यात कोणाशी बोलत होतीस? लेक लग्न करून गेली ती "बाबा आहेत तोवर मी या घरात पाऊल टाकणार नाही" असं सांगूनच.

त्या वर्षी दवाखान्यातल्या लोकांची डोंगरावरच्या एका पुरातन गावी दिवसभराची सहल निघाली. औषधं देणाऱ्या कंपाउंडरने बस ठरवली. मावशीने मनाशी पक्कं केलं होतं, भोंग्याशेजारी खिडकीत बसायचं. नवऱ्याच्या कानावर गेलं तसा तो म्हणाला, "मी पण येतो. तुला एकटीला कोण सोडतं?"

खिडकीत तो बसला. वळणावळणाच्या रस्त्यावर त्याची काठी तिच्या पावलावर टेकत राहिली.

गाव मात्र बघण्यासारखं होतं. वेशीपर्यंत बस, पुढे दगडी चढण. छपरं कधीच गेलेली, भिंती तेवढ्या उभ्या, उंबरठे पावलांनी झिजून खोलगट झालेले. एका घरात चूल होती, तिच्यावरच्या दगडाला अजून काजळी होती. मावशी तिच्यापुढे उकिडवी बसली आणि बराच वेळ हललीच नाही. "इथे कोणीतरी रोज फुंकर मारत बसली असेल गं," ती भोंग्याला म्हणाली.

"आणि बाहेरून कोणीतरी ओरडत असेल, झालं की नाही म्हणून!" भोंगा म्हणाली.

मावशीला हसू फुटलं, आणि या खेपेला हात तोंडावर जायचा राहिला.

नवरा दारातच उभा होता. त्याने ते हसणं पाहिलं. सगळे डबे उघडून बसले, तिने पहिला घास घेतला, तेव्हा त्याने तिच्या हातातून डबा काढून घेतला आणि झाकण लावलं. "झालं तुझं जेवण. माझ्या घरात तोंड शिवलेलं असतं, आणि इथे चारचौघांत दात काढतेस?"

सगळ्यांचे घास हातातच राहिले. कंपाउंडरने उगाच घसा खाकरला. मावशी मान खाली घालून बोटांकडे बघत राहिली. तिला भूक नव्हती. राग आला म्हणावं तर तोही नव्हता. आत कुठेतरी एक धागा तुटल्यासारखं झालं, एवढंच.

दुपार कलली तसा नवरा उठला. गावाच्या खालच्या अंगाला दगडी हौद होता, तो त्याला बघायचा होता. "मी आल्याशिवाय बस हलू द्यायची नाही. कळलं?" असं बजावून तो काठी टेकत उतरला. तो पडक्या भिंतींआड जाईपर्यंत ती बघत होती.

मग धुकं आलं. बघता बघता भिंती पुसल्या गेल्या. ड्रायव्हर घाई करू लागला, "घाटात काही दिसायचं नाही, चला आता." माणसं धावतपळत बसमध्ये शिरली. कंपाउंडर दारात उभा राहून एकेकाला विचारत होता.

"मावशी, काका कुठेत?"

"ते गेले," ती म्हणाली. "पायथ्याच्या गावात त्यांचा भाचा असतो. त्याच्या गाडीवरून गेले. उद्या येतील."

सुईत दोरा ओवावा तसं खोटं सहज निघालं. आपण हे बोललो यावर तिचाच विश्वास बसेना. भोंग्याने तिच्याकडे पाहिलं. भाचा-बिचा कोणी नाही हे भोंग्याला ठाऊक होतं. एरवी तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नसे. पण त्या दिवशी ती गप्प बसली. बस सुटली. मावशी खिडकीत बसली होती. काच बर्फासारखी गार होती, तरी तिने कपाळ टेकवलेलंच ठेवलं.

तो हौदात पडला होता. कोरड्या हौदाच्या पायऱ्यांवर काठी सटकली आणि मांडीचं हाड मोडलं. सकाळी राखणदाराला तो सापडला तेव्हा ओरडून ओरडून घसा बसला होता आणि ओठ निळे पडले होते. त्याला आणलं ते तिच्याच दवाखान्यात. तिने शिवलेल्या चादरीवर त्याला निजवलं.

ती खाटेजवळ गेली तशी त्याने तिचं मनगट पकडलं. "मी हाका मारत होतो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "त्या कंपाउंडरने सोडलं मला. तू सांगितलं असशील त्याला, पण तुझं कोण ऐकतं!"

उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्याने तिची बाजू घेतली होती.

कंपाउंडरची चौकशी लागली. तो बिचारा तळघरात आला, दारातच उभा राहिला. "मावशी, तुम्हीच म्हणालात ना भाच्याचं?" मावशीने सुई टोचून ठेवली आणि त्याच्याबरोबर वर दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडे गेली. "मी खोटं बोलले," तिने सांगितलं. साहेबांना ते पटलंच नाही. म्हातारी भांबावली असेल, धुक्यात गैरसमज झाला असेल, असं म्हणून त्यांनी प्रकरण मिटवलं.

संध्याकाळी तिने नवऱ्यालाही सांगितलं. "तुम्ही आला नाहीत हे मला माहीत होतं. मीच बस जाऊ दिली."

तो म्हणाला, "पाणी दे."

त्यानंतर तो उठलाच नाही. दोन हिवाळे घरी अंथरुणावर काढले. ती त्याचं सगळं करायची; पुसणं, भरवणं, कूस बदलणं. तो परत कधी ओरडला नाही. ती कामाला निघाली की विचारायचा, "येशील ना?" पेला पुढे केला की आधी तिच्या तोंडाकडे बघायचा, मगच ओठ लावायचा. इतकी वर्षं ती ज्या नजरेने त्याच्याकडे बघत आली, तीच नजर आता त्याच्या डोळ्यांत होती. ती तिला ओळखू यायची, आणि त्यात तिला कधी सुख वाटलं नाही.

तो गेला तेव्हा लेक आली, चार दिवस राहिली. "आता सुटलीस आई," जाताना ती म्हणाली. मावशीने मान हलवली आणि दार लावून घेतलं.