तापीपार पहिली गाडी
तापीला गढूळ पाणी आलं, की त्या ओल्या गाळाच्या वासानं मला ती पहिली गाडी आठवते. स्वातंत्र्य नवं होतं, माझं लग्नही नवं होतं, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पडीक जमीन कसायला मिळणार म्हणून आम्ही चार घरं निघालो होतो. काठावरच आमच्यातले थोरले, माझे काका म्हणाले, "पहिली गाडी अडकनी, तर बठ्ठा माघारे फिरसूत." म्हणजे सगळेच परत. अन् पहिली गाडी माझीच! जातं, बियाणं, कोंबड्या आणि वर बायको. नदीच्या मधोमध गेलो आणि डाव्या बैलानं पायच रोवले. तो बैल माझ्या सासऱ्यानं दिलेला, बोदवडकडचा. वरून लाल पाणी चढत होतं, चाकं बुडायला लागली. मी ओरडलो, शेपटी पिरगाळली, पण हलेल तर शपथ! काका काठावरून हाका मारू लागले, "गाडी सोडी दे, मांगे फिर!" मी फिरणारा नव्हे. तेवढ्यात बायको खाली उतरली, कमरेभर पाण्यातून बैलाच्या कानाशी गेली अन् म्हणाली, "चाल रे माह्या राजा, चाल बाप्पा!" तिच्या या माहेरच्या बोलीला आमच्या घरात सगळे हसायचे. बैलानं मात्र कान टवकारले आणि अशी उसळी घेतली, की मी गाडीवरून पडता पडता राहिलो! मागून सगळ्या गाड्या आल्या. आज वस्तीत कोणी विचारलं, पहिली गाडी पार कोणी नेली, तर मी छाती काढून सांगतो, "मी." आतून म्हातारी म्हणते, "हो, अन् तुमाले कोनं नेलं?"