सॅम्पलच्या गोळ्या

आईला दमा. भोरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळी लिहून दिली, दिवसाला दोन, न चुकता. औषधाच्या दुकानात भाव ऐकला आणि मी चिठ्ठीची घडी करून परत खिशात घातली. मग दुकानातून चारचारच गोळ्या आणायच्या आणि अडकित्त्यानं दोन तुकडे करायचे, असं सुरू झालं. पुढं आईनं स्वतःच्या अकलेनं सकाळचा तुकडाही बंद केला. "दिसाचं बसून निघतं की," म्हणाली.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन भाटघरला घरी बसलेलो. कामधंदा काही नाही, पण नकला एक नंबर. मास्तर, कंडक्टर, तलाठी, सगळे माझ्या तोंडात.

एकदा डॉक्टरांकडं गेलो तर ते खणात पाकिटं लावत होते. औषध कंपनीचा माणूस सॅम्पल म्हणून फुकट ठेवून जायचा, वर 'विक्रीसाठी नाही' छापलेलं. त्यात आईची गोळी दिसली. सरळ मागायची लाज वाटली, म्हणून आधी हसवलं. किकवीचा एक म्हातारा त्यांच्याकडं यायचा, त्याचं दुखणं दर वेळी जागा बदलायचं. मी कंबर चाचपत सुरू केलं, "आत्ता हितं व्हतं डाक्टर! कुठं गेलं ओ?"

डॉक्टर खुर्चीत गदगदून हसले. खण उघडून दोन पाकिटं माझ्यापुढं सरकवली. "पुढच्या वेळी नवीन माल आण रे."

मग ते चालूच झालं. माझी नक्कल, त्यांची पाकिटं. आई अख्खी गोळी घ्यायला लागली, कळशी घेऊन आली तरी तिला बोलता यायला लागलं. डॉक्टरांची आपल्यावर मर्जी आहे, एवढंच मी घरी सांगितलं. कशापायी, ते नाही.

एक दिवस माल संपला. "आज कोण?" डॉक्टरांनी विचारलं. मला कुणी सुचेना, आणि खण तर बंद. मी उठलो आणि आईची नक्कल केली. दारावरच्या पडद्याच्या कडेनं उजवा हात बाहेर काढून चौकटीला टेकला, खांदे वर ओढले, शब्दाशब्दामागं शिट्टी काढली, "जे... वून... जा... रं." कंपाउंडर हातातली बाटली ठेवून हसायला लागला. बाहेर बाकावरचे पेशंटही हसले. मला चेव आला. छातीतली घरघर काढली, खोकला काढला, आणि थांबून वाकून नमस्कार केला.

खोकला चालूच होता.

"वा! तोंड मिटूनपण काढतोस की," डॉक्टर म्हणाले.

मी पडदा सारला. बाकावर आई. डॉक्टरांचे उपकार मानायला पावट्याच्या शेंगा घेऊन एसटीनं आली होती. सगळे हसले म्हणून तीपण हसली होती, आणि हसता हसता धाप लागली होती. मांडीवरची पिशवी कलंडली होती. मी खाली बसून शेंगा गोळा करायला लागलो. तेवढा वेळ वर बघावं लागणार नव्हतं.

डॉक्टरांनी तिला आत नेलं, इंजेक्शन दिलं. पाकिटं माझ्या हातात ठेवली, माझ्याकडं न बघता.

स्टँडवर आम्ही शेजारी बसलो. गाडीला वेळ होता.

"मी डाव्या हातानं धरती चौकट," आई म्हणाली. "उजव्यात कळशी आसती."

"आई, मी..."

"आन 'जेवून जा' म्हनायला आता येवडं थांबावं लागत न्हाई मला. गोळ्या चालू हायत न्हवं." तिनं दम घेतला. "फुडल्या टायमाला नीट कर. न्हाईतर डाक्टर गोळ्या द्यायचं न्हाईत."

टोमणा असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा नव्हता.

त्यानंतर डॉक्टरांनी कधीच नक्कल करायला सांगितली नाही. मी गेलो की गप खण उघडायचे. हे मी आईला सांगू शकलो नाही, कारण कीव म्हणून दिलेली गोळी तिनं तोंडात घातली नसती. मी घरी आलो की ती चुलीपुढून विचारायची, "हसलं का डाक्टर?"

"लई हसले."

"डावा हात केला व्हतास ना?"

"व्हय."

मग ती पाण्याचा तांब्या घ्यायची आणि गोळीसाठी माझ्यापुढं हात करायची.