न बांधलेल्या शेडचे आभार

कतारमधल्या इंग्रजी पेपरांची आमच्यात एकच ख्याती: त्यांत काही घडत नाही. उद्घाटनं होतात, हॉटेलांच्या जाहिराती येतात, शाळांचे निकाल लागतात. दोह्याच्या अल हिलाल भागातली पुण्या-मुंबईची कुटुंबं पोरांच्या फोटोसाठी पेपर घेत. मुऐदरला आमच्या कामगारांच्या खोलीत तो खिडकीच्या काचेला चिकटवलेला असे, ऊन अडवायला.

मी कॉलेजात संघटनेची पत्रकं लिहिलेली. पहिल्या ओळीत निषेध, शेवटच्या ओळीत मागणी. असल्या कागदाला मी वर्तमानपत्र म्हणायला तयार नव्हतो. आजही नाही.

तरी मागच्या उन्हाळ्यात मी त्याला पत्र लिहिलं, ते मामांसाठी. मामा म्हणजे माझ्या खोलीतले लातूरकडचे इलेक्ट्रिशियन. नात्याचे कोणाचेच नाहीत, पण सगळे मामाच म्हणतात. दुपारच्या पाळीची आमची अल खोरच्या साइटवर जाणारी कंपनी बस एका उघड्या प्लॉटपाशी थांबे. ना झाड, ना छप्पर. एकदा बसची वाट बघताना मामा चक्कर येऊन खाली बसले आणि बराच वेळ उठेचनात. दवाखान्यात सांगितलं, पुन्हा असं झालं तर अनफिट ठरवतील. अनफिट म्हणजे लातूरचं तिकीट आणि मुलीचं नर्सिंग अर्धवट. सुपरवायझरकडे शेड मागून झाली होती. तो दर वेळी ‘इन्शाल्ला’ म्हणायचा आणि गाडीचा एसी वाढवायचा.

“काय लिहायलास?” मामांनी विचारलं.

मी मराठीत सांगितलं: कंपनीची बेपर्वाई, माणसं उन्हात, ताबडतोब शेड हवी. कंपनीचं नावही घातलं होतं, मुद्दाम.

“समद्या शिव्याच हायत की. आधी आभार मान. एसीची बस द्यायलेत, त्येचे मान. मंग माग.”

“मागणी आहे मामा, भीक नाही.”

“घरी मला धाडतील, तुला न्हाई.”

मी दातओठ खात सुरुवातीला आभाराचं एक वाक्य घातलं आणि खाली ‘एक कर्मचारी’ अशी सही केली.

पत्र छापून आलं. चार परिच्छेदांचं एकच वाक्य झालं होतं. अमुक कंपनीचे कर्मचारी एसी बसबद्दल आणि थांब्यावरच्या शेडबद्दल कंपनीचे आभारी आहेत. बेपर्वाई गेली, ऊन गेलं, मागणी गेली. शेड तेवढी राहिली, आणि तीही बांधून झालेली! मी पेपरच्या ऑफिसला फोन लावला. फोनवरच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, “वी ओन्ली एडिटेड फॉर लेंग्थ, सर.”

मी खोलीत आरडाओरडा केला. मामा शांतपणे म्हणाले, “पेपरात आपल्या कंपनीचं नाव हाय, अन् तू बोंबलायलास.”

दोन दिवसांनी सुपरवायझर थांब्यावर आला, घामाघूम. “शेड किधर है?” त्याने आम्हालाच विचारलं. वरच्या साहेबाने नाश्त्याला पेपर वाचला होता. तो खूश झाला होता आणि आता त्याला शेडचा फोटो हवा होता.

“पेपर में है, साब,” मामा म्हणाले.

“यल्ला, जगह दिखाओ.”

त्याच आठवड्यात लोखंडी खांब उभे राहिले, वर पत्रा पडला, खाली बाकडं आलं. फोटो काढला गेला. शेड खरी होती, पेपर खोटा होता, आणि हा हिशोब मला अजून जुळवता आलेला नाही. उन्हाळा संपेपर्यंत मामा पुन्हा पडले नाहीत. खिडकीवरचा पेपर मात्र मी काढला नाही. त्याची लायकी तीच.

शेडचं काम संपलं त्या दुपारी बाकड्यावर पाय पसरून मामा म्हणाले, “आता थंड पाण्याच्या मशीनचे आभार मान.”

“मशीन कुठंय?”

“म्हणून तर मानायचे, लेका.”

मी स्पष्ट सांगितलं, खोटं लिहिणार नाही. मामांनी हातातली बाटली हलवून दाखवली. तळाशी घोटभर पाणी होतं, चहाइतकं गरम.

बसमध्ये मी मोबाइल काढला. पहिलं वाक्य शेडच्या आभाराचं लिहिलं. दुसरं, मशीनच्या.