सहा फुटांची सतरंजी

"अबे, तुही वेबसाइट मेली ना!" विणकर काका भंडाऱ्याच्या प्रदर्शनात असे ओरडले की वैनगंगेपल्याड कारध्याची कुत्री भुंकायला लागली. नव्या सतरंजीच्या खळीचा वास आला की तो ओरडा अजून माझ्या कानात घुमतो. लाखनीचा मंगल कार्यालयवाला शंभर सतरंज्या घ्यायला बसला होता, आणि काकांचे चार माग दिवाळीपासून बंद होते. काकांनी विणकरांच्या सवयीने माप टाईप केलं: सहाचा आकडा आणि त्याच्या डोक्यावर फुटाची तिरपी रेघ. त्यांची वेबसाइट बनवणारा मी शहाणा टाईप केलेलं सगळं जसंच्या तसं क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या हुकुमात, चिकटवत होतो; कम्प्युटरला ती रेघ मजकूर संपल्याची खूण वाटली आणि तिथेच क्वेरी तुटली. "मले कम्प्युटरचीच पावती पायजे. पाच मिनिटं थांबतो, मंग जातो," गिऱ्हाईक म्हणालं. माझ्या घामात कीबोर्ड पोहायला लागला. मी क्वेरी आधी वेगळी तयार केली, मापाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवलं आणि माप मागून स्वतंत्र पाठवलं. पावती निघाली! मग जग वाचवल्याच्या थाटात मी समजावलं, "काका, आता क्वेरी आधीच पक्की. मागून कोणी काहीही भरो, ती तुटत नाही." आज मी कम्प्युटरच्या वर्गात हेच शिकवतो, फक्त काकांचं उत्तर गाळतो. त्यांनी पावतीची घडी खिशात घातली अन् म्हणाले, "आमी उभे धागे आधीच ताणतो, आडवे मागून भरतो. तुले आज समजलं का?"